रायझन ५ ५६०० जुन्या बी४५० बोर्डावर: कार्ड अडतंय का प्रोसेसर, ते बघूनच घेतला

ज्यांच्याकडं जुना एएम४ बोर्ड (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा सॉकेट असलेला मदरबोर्ड, बी४५० त्यातलाच) आहे, त्यावर रायझनचा पहिल्या-दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि शेजारी आरटीएक्स ४०६० नाहीतर आरएक्स ६६०० च्या आसपासचं ग्राफिक्स कार्ड बसवलंय, त्यांच्यासाठी रायझन ५ ५६०० चा हा रिव्ह्यू लिहितोय. प्रोसेसर चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण तो तुमच्या मशीनला लागतोय का हे घरी बसून एका संध्याकाळी कळतं आणि तेवढं केल्याशिवाय कुणी दुकानाची पायरी चढू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून आधी तेच सविस्तर सांगतो.

माझं मशीन असं. बी४५० बोर्ड, रायझन ५ २६००, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय, १०८० रिझोल्यूशनचा १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. जुनं कार्ड गेलं म्हणून ४०६० घेतलं. बसवल्यावर काही गेम सुसाट पळायला लागले आणि काही गेममध्ये काय फरकच पडेना. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये स्मोक (धुराचा बॉम्ब) पडला आणि चार-पाच जण एकदम अंगावर आले की झटका बसायचा, सायबरपंकमध्ये मार्केटच्या गर्दीत शिरलं की एफपीएस, म्हंजे सेकंदाला निघणाऱ्या फ्रेम, साठच्या खाली. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानात विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, "४०६० बारकं पडतंय भावा, ४०७० टाक, विषयच संपला." कुठला गेम खेळतोस, मॉनिटर कुठला, प्रोसेसर कुठला, एक शब्द विचारला नाही. पन्नास हजारांच्या वरची गोष्ट होती ही, अशी उभ्या उभ्या सांगायची नव्हे.

आपल्याकडच्या माणसाला हे गुऱ्हाळावरून पटकन कळेल. चरकातून रसच कमी पडत असेल तर काहील कितीही मोठी आणून ठेवा, गूळ तेवढाच निघणार. प्रोसेसर म्हंजे चरक, कार्ड म्हंजे काहील. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी सगळा हिशोब लावतो, कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कुठं वळली, पडद्यावर काय काय काढायचंय, आणि ती यादी कार्डाच्या हातात देतो, मग कार्ड चित्र काढतं. या हिशोबाला फ्रेममागं १० मिलीसेकंद लागत असतील तर सेकंदाला १०० च्या वर फ्रेम निघणारच नाहीत, कार्ड ४०६० असू दे नाहीतर ४०९०. १४४ एफपीएस पाहिजेत तर प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी आपापलं काम ७ मिलीसेकंदांच्या आत उरकायला लागतं, एवढं साधं गणित आहे.

आता तपासायचं कसं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर टाका, दोन्ही फुकट आहेत, कार्ड एमएसआयचंच पाहिजे असं काही नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (कामाच्या एकेका रांगेचा) वापर, तापमान आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला किती वेळ लागला त्याचा) ग्राफ लावून घ्या. मग व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, गेममधली आणि ड्रायव्हरमधली एफपीएसची मर्यादा बंद. हे आधी करा, कारण ६० ची मर्यादा लावलेली असेल तर कार्ड आरामात ४० टक्क्यांवर बसतं आणि माणूस उगाच प्रोसेसरला दोष देत बसतो. सगळं मोकळं सोडल्यावर कार्ड ९७ ते ९९ टक्क्यांवर चिकटून राहिलं तर कार्ड पूर्ण कामाला लागलंय, प्रोसेसर बदलून तिथं काही मिळणार नाही. कार्ड ६०-७० वर लोळतंय आणि एफपीएस पण पाहिजे तेवढे येत नाहीत, म्हंजे कार्ड कुणाची तरी वाट बघत थांबलंय. माझ्याकडं सायबरपंकच्या मार्केटमध्ये कार्ड ६५ च्या आसपास होतं, आणि ज्याला बारकं म्हणत होते ते हेच कार्ड.

इथं एका ठिकाणी हमखास गल्लत होते. टास्क मॅनेजर उघडायचा, प्रोसेसर ४५ टक्के दिसतो, आणि लगेच "प्रोसेसर तर निम्मा मोकळाय की" असं म्हणायचं. २६०० ला सहा कोअर, बारा थ्रेड. एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. आणि बऱ्याच गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर अडकलेलं असतं, तो भरला की बाकीचे अकरा रिकामे असून उपयोग नाही. त्यात विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्या कोअरवर फिरवत राहतं, त्यामुळं कुठलाच कोअर सलग १०० वर दिसत नाही. म्हणून एकूण टक्का बघायचाच नाही, कार्डाचा वापर बघायचा.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिला सॉफ्टवेअरसुद्धा लागत नाही. गेममध्ये एका जागी उभं राहा, एफपीएस बघा, आणि रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, कार्डाचं ओझं तेवढं उतरलं. एफपीएस दणकन वाढले तर कार्ड अडत होतं. एफपीएस जागचे हललेच नाहीत तर प्रोसेसर अडतोय, कारण चित्र लहान झालं म्हणून त्याचा हिशोब काही कमी होत नाही. माझ्याकडं मार्केटमध्ये जिथं ५८ होते तिथं ५९-६० झाले, बास. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करणारी सोय) लावलं की हेच वेगळ्या रस्त्यानं दिसतं, १०८० वर क्वालिटी मोड म्हंजे आतून ७२० चंच चित्र काढलं जातं, आणि तिथंही मला जवळपास शून्य फायदा. मग उलटं करून बघितलं, टेक्सचर, शॅडो, रिफ्लेक्शन सगळं अल्ट्रावर टाकलं तरी एफपीएस फारसे पडले नाहीत. तिथंच कळलं की कार्डात जागा शिल्लक आहे. ज्यांना पैसे खर्च करायचे नाहीत त्यांच्यासाठी यातच एक फायदा आहे, प्रोसेसर अडतोय तोवर ग्राफिक्स वाढवून घ्या, चित्र चांगलं दिसेल आणि एफपीएस तेवढेच राहतील. फक्त क्राउड डेन्सिटी (रस्त्यावर माणसं किती) आणि रे ट्रेसिंग (उजेडाचा खराखुरा हिशोब) सोडून, ती दोन्ही प्रोसेसरवरही ओझं टाकतात. सायबरपंकमध्ये क्राउड डेन्सिटी हायवरून मीडियमवर आणली आणि गर्दीतले झटके तिथल्या तिथं कमी झाले.

शॅडो ऑफ द टूम रेडर कुणाकडं असेल तर त्यातला बेंचमार्क चालवा. गेम २०१८ चा आहे पण शेवटी जो तक्ता देतो तो आजही कामाचा आहे, प्रोसेसरचे एफपीएस वेगळे, कार्डाचे वेगळे, आणि खाली 'जीपीयू बाउंड' (कार्डानं अडवलेला वेळ) किती टक्के ते. माझ्या २६०० वर तो आकडा २५ च्या आसपास यायचा, म्हंजे उरलेला तीन-चतुर्थांश वेळ प्रोसेसर अडवत होता. अजून खोलात जायचं असेल तर इंटेलचं प्रेझेंटमॉन आहे, २०२३ पासून त्यात जीपीयू बिझी (फ्रेममागं कार्ड किती वेळ कामात होतं) असा आकडा दिसतो. फ्रेमटाइम १६ आणि जीपीयू बिझी १० असेल तर कार्डानं १० मिलीसेकंदांत काम संपवलं आणि ६ मिलीसेकंद हात बांधून उभं राहिलं. हे दोन आकडे शेजारी शेजारी बघितले की मग कुणाचं काय ऐकायची गरज राहत नाही.

आणि ते ऑनलाइन बॉटलनेक (कोण कुणाला अडवतंय ते सांगणारे) कॅल्क्युलेटर, प्रोसेसर आणि कार्ड निवडलं की '२३ टक्के बॉटलनेक' असं छापून देतात, त्यांच्यावर एक रुपयाचाही निर्णय घेऊ नका. तेच मशीन एका गेममध्ये प्रोसेसरला अडतं, दुसऱ्यात कार्डाला, एकाच गेममध्ये गल्लीत एक आणि मोकळ्या रानात दुसरं. त्याला एक टक्का असतो कुठं? पोरं ते स्क्रीनशॉट घेऊन दुकानात जातात आणि दुकानदाराला आयतंच फावतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रोसेसर बदलायच्या आधी आणखी काही गोष्टी बघा, बऱ्याचशा फुकटच्या आहेत. रॅम एकच कांडी असेल तर सिंगल चॅनेलवर चालते, तिथं रॅम ते प्रोसेसर ही वाटच निम्मी होते, दुसरी तसलीच कांडी टाका आणि बोर्डाला चार स्लॉट असतील तर दोन्ही प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घाला. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हंजे रॅमला तिच्या पुऱ्या वेगावर चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ३२०० ची रॅम घेऊन २१३३ वर चालवणारी मशीन मी गावात कितीतरी बघितली. माझी रॅम २६०० वर २९३३ ला चालायची, त्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच तेवढी आहे, ३२०० वर स्थिर राहायची नाही. व्हीरॅमही बघून घ्या, ८ जीबी काठोकाठ भरली की झटके येतात आणि ते हुबेहूब प्रोसेसरच्या झटक्यांसारखे वाटतात. तिथं टेक्सचर एक पायरी खाली आणलं की काम होतं.

एवढं सगळं बघून झाल्यावर ५६०० घ्यायचं ठरवलं. कागदावर दोघांचेही सहा कोअर बारा थ्रेड, दोन्ही ६५ वॅट, म्हणून माझ्या मामेभावाला वाटलं, "दादा, तसलाच तर घेतलास की." तसला नाही. २६०० हा २०१८ चा, झेन प्लस घडणीचा, ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि त्यातली १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) दोन तुकड्यांत वाटलेली, तीन कोअरना ८ आणि दुसऱ्या तीन कोअरना ८. एका बाजूच्या कोअरला दुसऱ्या बाजूचं काही पाहिजे असेल तर वळसा पडतो. ५६०० हा एप्रिल २०२२ मध्ये आलेला, झेन ३, ४.४ पर्यंत जातो, आणि ३२ एमबी कॅश सहाही कोअरना एकत्र. गेमला नेमकं हेच लागतं, कारण हिशोबाचा माल जवळ सापडला नाही की प्रोसेसरला रॅमपर्यंत हेलपाटा पडतो आणि तेवढा वेळ फ्रेम अडकते.

घेताना नाव नीट वाचा, हे कळकळीनं सांगतोय. ५६००, ५६००जी आणि ५५०० हे तीन वेगळे प्रोसेसर आहेत. ५६००जी आणि ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबीच, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावून गेम खेळणाऱ्याला ते मागं पडतात. ५६००जी मध्ये डिस्प्लेची सोय आत असते, ज्याच्याकडं कार्डच नाही त्याला तो ठीक. साध्या ५६०० मध्ये ती सोय नाही, कार्ड काढलं की स्क्रीन काळी. मला एका ठिकाणी "५६०० नाही, जी घ्या, सेमच आहे वर डिस्प्ले फ्री" असं सांगितलं, मी तिथून उठलो. शेवटी राजारामपुरीत बॉक्समधला मिळाला, बिलासकट, दहा हजारांच्या आत-बाहेर पडला. बॉक्सवाला घेतला की कंपनीची तीन वर्षं वॉरंटी आणि आत रेथ स्टेल्थ कूलर मिळतो. ट्रेमधला सुटा पीस थोडा स्वस्त पडतो पण कूलर येत नाही आणि वॉरंटी कुणाची ते लिहून घ्यायला लागतं.

बसवायचं म्हणाल तर घाई करू नका. आधी बोर्ड कंपनीच्या साईटवर जाऊन आपल्या बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये ५६०० आहे का आणि कुठल्या बायोसपासून आहे ते बघा. बायोस जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच टाकायचा, नाहीतर नवीन बसवल्यावर डिस्प्लेच येणार नाही आणि मशीन उचलून दुकानात न्यायला लागेल. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाईल टाका, आणि मशीन यूपीएसवर असल्याशिवाय अपडेट सुरू करू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही, मधेच लाईट गेली तर बोर्डाला मुकाल. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा.

मग कूलर काढताना खरी परीक्षा. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात, आणि प्रोसेसर-कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी चिकटलेली असते, कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेला असूनसुद्धा प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. मी आधी पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करून घेतली, मशीन बंद करून वायर काढली, कूलरचे चारही स्क्रू थोडे थोडे आलटून-पालटून सैल केले आणि कूलर डावीकडं-उजवीकडं हळूच पिळत राहिलो. एका क्षणी चिकट आवाज करून सुटला, प्रोसेसर जागेवरच. नवीन बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणासमोर धरायचा आणि वरून दाबायचं नाही, तो स्वतःच्या वजनानं बसतो. चालू केल्यावर पहिल्याच स्क्रीनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रिसेट करू का असं विचारलं, ते नवीन प्रोसेसर बसवल्यावर विचारतंच, घाबरायचं कारण नाही, रिकव्हरी की हाताशी ठेवायची ती यासाठीच. बायोस अपडेटनंतर एक्सएमपी परत बंद होतं, ते न विसरता चालू करा. माझी रॅम आता ३२०० वर बिनतक्रार चालते.

निकाल मात्र नाद खुळा आहे. सायबरपंकमध्ये त्याच मार्केटमध्ये, त्याच सेटिंगवर ८५ च्या आसपास आणि कार्ड ९७ वर, म्हंजे कार्डाला पहिल्यांदाच पूर्ण काम मिळालं. आता डीएलएसएस लावलं की एफपीएस वाढतात पण, आधी वाढतच नव्हते. टूम रेडरचा 'जीपीयू बाउंड' ९० च्या वर गेला. पण खरा फरक सरासरीत नाही, खालच्या एक टक्क्यात आहे, म्हंजे सगळ्यात वाईट फ्रेम किती वाईट. काउंटर-स्ट्राइक मध्ये आधी सरासरी बरी दिसायची आणि नेमकी चकमक सुरू झाली की फ्रेमटाइमची रेघ करवतीसारखी व्हायची. आता स्मोक पडला तरी रेघ सपाट राहते आणि एफपीएस १४४ च्या खाली क्वचितच जातात. तिथं कार्ड अजूनही ७०-७५ वरच असतं, म्हंजे तांत्रिकदृष्ट्या तिथं प्रोसेसरच अडवतोय, पण माझा मॉनिटरच १४४ चा आहे, त्याच्यावरचे एफपीएस मला दिसणारच नाहीत. कुणीतरी एक जण कायम अडवणारच. तो तुमच्या गरजेच्या वर अडवतोय का खाली, एवढंच बघायचं.

जिथं फरक पडला नाही तेही सांगतो. मोकळ्या रानातले, झाडं-डोंगर दाखवणारे भारी ग्राफिक्सचे गेम आधीच कार्डावर अडलेले होते, तिथं दोन-चार एफपीएस इकडं-तिकडं. शेडर (चित्र रंगवायचे बारके प्रोग्राम) कंपाइल होताना येणारे झटके थोडे कमी झाले पण गेलेले नाहीत, ते गेम बनवणाऱ्यांनीच सोडवायचे. पेठेतली पोरं रविवारी फुटबॉलचा गेम खेळायला येतात, तो ६० वर आधीही नीट चालायचा आणि आताही तसाच चालतो.

एक तक्रार आहे, कूलरची. रेथ स्टेल्थ बारका आहे. थंडीत काही वाटत नाही पण एप्रिल-मेमध्ये आमच्या कळंब्याकडं पत्र्याखालच्या वरच्या खोलीत दुपारी गेम लावला की तापमान ८० च्या वर आणि पंख्याचा आवाज हेडफोन काढला की लगेच जाणवतो. प्रोसेसरची मर्यादा ९० आहे, त्याच्या खाली राहतोय, म्हणून एफपीएस कमी होत नाहीत, पण मला एवढं तापलेलं आवडत नाही. दीड-दोन हजारांचा सिंगल टॉवर कूलर घेतला तर हा प्रश्न मिटतो, खर्च धरतानाच तेवढे धरा. कॅबिनेटच्या जाळीतली धूळ दर महिन्याला काढा, आमच्याकडं गुऱ्हाळाच्या दिवसात रस्त्याकडेच्या घरात किती काजळी येते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

ज्यांना १४४ च्याही वर जायचंय, २४० हर्ट्झचा मॉनिटर आहे, त्यांनी याच सॉकेटवरचा ५७००एक्स३डी मिळाला तर बघावा. २०२४ च्या जानेवारीत आला, आठ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅश. किंमत बरीच जास्त आणि कूलर वेगळा घ्यायला लागतो. माझ्या मॉनिटरला तो लागत नव्हता.

आता मामेभावाचं. त्याचं मशीन रायझन ५ ३६००, आरएक्स ६६००, पण मॉनिटर १४४० चा. माझं बघून तो पैसे घेऊन तयार, "मलापण ५६०० सांग, उद्याच जातो." त्याला म्हटलं थांब, आधी मशीन लाव. फुलेवाडीला त्याच्या घरी बसून हेच सगळं केलं. व्ही-सिंक बंद, तो खेळतो ते सगळे गेम एक-एक करून लावले, कार्ड प्रत्येक ठिकाणी ९९. रिझोल्यूशन १०८० वर आणलं तर एफपीएस निम्म्यानं वाढले. १४४० ला १०८० च्या पावणेदोनपट पिक्सेल काढायला लागतात, तिथं त्याचं कार्डच दमलेलं आहे आणि ३६०० निवांत आहे. ५६०० घेऊन त्याला त्याच्या गेममध्ये काहीच दिसलं नसतं. आत्तापुरतं त्याला एफएसआर (डीएलएसएससारखीच एएमडीची सोय) क्वालिटीवर लावून दिलंय, शॅडो मीडियमवर, चाललंय बरं. दहा हजार त्यानं कार्डासाठी बाजूला ठेवलेत, दिवाळीपर्यंत त्यात अजून भर घालतो म्हणाला.